बायजाचे चार दिवस

बायजा खोटं बोलली ती एकदाच. पण ते खोटं असं निघालं, की दर महिन्याला नव्याने बोलावं लागायचं.

तिची पाळी गेली त्याला आठ वर्षं झाली होती. गेली ती काही वाजतगाजत गेली नाही. आधी दोन महिने चुकली, मग एकदा उगाच येऊन गेली, मग आलीच नाही. सलग तीन महिने बायजा एकही दिवस बाजूला न बसता कारखान्यात राबली. चौथ्या महिन्यात एका सकाळी पाठीचा कणा असा धरला की पाटावरून उठवेना, आणि नेमकं त्याच वेळी सासूने, धोंडुबाईने, दारातून विचारलं, "काय गो, तुजे दिस नाय आलं अजून?"

"आले," बायजा म्हणाली. "आजच."

झालं. ब्रश खाली ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन ती चार दिवस पडून राहिली. पुढच्या महिन्यात तीच तारीख जवळ आली, तेव्हा धोंडुबाईने पुन्हा विचारलं. आता काय सांगणार? एकदा आलेली पाळी दुसऱ्यांदा यायलाच हवी.

पेणजवळच्या जोहे गावात दिनानाथचा गणपतींचा कारखाना घराला लागूनच होता. कारखाना म्हणायचा इतकंच, पत्र्याची एक लांब शेड आणि भिंतीला फळ्या. दिनानाथ बायजाचा नवरा. त्याच्या घरचा नियम असा, की बाईने तिच्या चार दिवसांत मूर्तीला हात लावायचा नाही, रंगाच्या वाटीलाही नाही. हमरापूरकडच्या मोठ्या कारखान्यांत हे आता कोण बघत नाही. मजुरीवर आलेल्या बाईला कोण विचारतो? पण इथे धोंडुबाईचा शब्द होता, आणि ऐंशी वर्षांच्या बाईचा शब्द मोडायला तेवढंच जाड कातडं लागतं. दिनानाथचं नव्हतं.

आणि कारखान्यात सगळ्यात नाजूक काम बायजाकडे होतं. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आधी दिनानाथच करायचा, पण मोतीबिंदूनंतर त्याचा हात बिचकायला लागला आणि ब्रश बायजाकडे आला. मूर्ती कितीही सुबक असो, डोळा चुकला की गिऱ्हाईक फिरून बघत नाही. रोज चाळीस-पन्नास जोड्या. मान वाकलेली, श्वास धरलेला, मनगट हवेत. बायजा सुट्टी मागत नव्हती असं नाही. मागायची कशी हेच तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात सुट्टी मागून मिळत नसे. ती एक तर तापाने मिळे, नाहीतर विटाळाने.

मुलगी अपेक्षा लग्न होऊन रोह्याला गेली, तेव्हापासून तर बायजाचे चार दिवस सोन्याचे झाले. मागच्या खोलीत कोंडून बसण्यापेक्षा पोरीकडे जाऊन बस, असं धोंडुबाईनेच सुचवलं. मग दर महिन्याला एका सोमवारी बायजा पेणहून रोह्याची गाडी धरायची. जावई हर्षद धाटावला कंपनीत, शिफ्टमध्ये. त्याचं येणं-जाणं त्याच्या तालात. अपेक्षा सकाळी आयता चहा हातात द्यायची. बायजा दुपारची गाढ झोपायची, संध्याकाळी कुंडलिकेच्या काठावर बाकावर बसायची आणि पाण्याकडे बघत काहीही करायची नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायची आणि परत निघायची. त्या चार दिवसांवर ती उरलेले सव्वीस ओढत होती. यात पाप असलंच, तर ते एवढंच होतं.

फाल्गुनाच्या पहिल्याच दिवसांत पेणला बायकांचं फुकट तपासणी शिबिर लागलं. गावातल्या आशाताईने घरोघर सांगितलं, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, पाच मिनिटांचं काम, तिशी ओलांडलेल्या सगळ्या चला. बायजा गेली, बरोबर तिची धाकटी जाऊ विमलबाई गेली. विमलबाई म्हणजे कान आणि जीभ, मधे काही नाही.

टेबलावर एक मुलगी फॉर्म भरत होती. आधार कार्ड बघून तिने वय लिहिलं, एक्कावन्न. खरं पंचावन्न, पण जन्मतारीख कुणाला ठाऊक होती, आधारवाल्याने अंदाजाने एक जानेवारी टाकून दिली होती.

"मावशी, शेवटची पाळी कधी आली?"

बायजाच्या खांद्याला खांदा लावून विमलबाई उभी होती. गेल्याच आठवड्यात बायजा रोह्याहून आली होती.

"गेल्या सोमवारी," बायजा म्हणाली.

मुलीने कॅलेंडरकडे बघून तारीख टाकली. खरं तर ती तारीख डॉक्टरसाठी नव्हतीच, विमलबाईच्या कानांसाठी होती. पण फॉर्मला ते कुठे कळतं?

बारा दिवसांनी फोन आला, रिपोर्ट घ्यायला या, घरच्या माणसाला घेऊन या. शिबिरातले डॉक्टर पेणच्याच एका नर्सिंग होमचे होते. दिनानाथ आणि बायजा तिथे जाऊन बसली. डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग होती, त्यांना बोलायची घाई होती.

"पिशवीच्या तोंडाच्या पेशी बदललेल्या दिसतायत," ते म्हणाले. "हाय ग्रेडचा संशय आहे."

दिनानाथचा चेहरा एकदम खुलला. त्याच्या धंद्यात रंग हाय ग्रेडचा असतो, प्लास्टर हाय ग्रेडचं असतं, आणि त्याला जादा पैसे पडतात. "म्हंजे चांगलंच हाय की, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "नाही हो. कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते."

दिनानाथ तसाच बसून राहिला. हसू तोंडावरून उतरवायचं त्याला सुचलं नाही, ते तिथेच लटकत राहिलं. त्याच्याकडे बघून बायजाला स्वतःपेक्षा त्याचीच दया आली.

डॉक्टर पुढे सांगत होते, की खरं तर आधी दुर्बिणीतून बघायचं, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, मग ठरवायचं. "पण तुम्ही किती खेपा घालणार? मुलं मोठी झालीयत, वय झालंय. पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." शिमग्यानंतरचा गुरुवार ठरला. बायजाला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते सांगायची तिची छाती नव्हती.

परतीच्या एसटीत दिनानाथने तिला खिडकीची जागा दिली. एरवी तो स्वतः खिडकीशी बसायचा. तिकिटं खिशात ठेवत तो म्हणाला, "काय ती काढून टाकू. पण तू ऱ्हा."

घरी बातमी सांगितली तेव्हा धोंडुबाई देवासमोर जाऊन बसली. विमलबाईने गळा काढला, मग डोळे पुसले आणि धीर द्यायला म्हणून म्हणाली, "बरंच झालं ताई. पिशवी गेली की पाळीची भानगड गेली. मग काय, बारा महिने मोकळी."

बायजाने मान डोलवली. मरणाच्या भीतीत माणसाला दुसरं काही सुचू नये म्हणतात, पण तिला सुचलं. बारा महिने मोकळी म्हणजे बारा महिने पाटावर. तिला स्वतःचीच लाज वाटली.

पण खरी भीती वेगळी होती आणि ती तिने कुणाजवळ काढली नव्हती.

पौषात परदेशी जायच्या मूर्ती पेंढ्यात बांधून निघायच्या होत्या. खोकी दारात उभी, टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा. दुपारी ती उठून न्हाणीत गेली तर कपड्यावर दोन लाल डाग. आठ वर्षांनी. आणि तिला काय व्हावं? आनंद झाला. आपली लबाडी खरी झाली, आता सोमवारी 'आले' म्हणू ते खरं असेल, असं वाटून तिचं मन हलकं झालं. कुणाला सांगितलं नाही. चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या. तिने हात धुतले, पाटावर बसली आणि चाळीसही आखल्या. संध्याकाळी बघते तर काही नाही. पुन्हा दिसलंही नाही.

आता शेडमध्ये बसून ब्रश बुडवताना तिला ती दुपार आठवायची. बाप्पाच्या घरात आठ वर्षं खोटं बोललीस. घे, खरं देतो, असं कुणीतरी म्हटल्यासारखं वाटायचं. ज्या दिवशी खरंच बाजूला बसायचं, त्याच दिवशी ती मूर्तीसमोर बसली होती. वाटीतल्या लाल रंगाकडे तिला बघवेना. ती विमलबाईला म्हणायची, शेल्याची किनार तू रंगव.

शिमगा झाला. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी धोंडुबाईनेच विषय काढला. "तुजे दिस आलं असतील. जा, पोरीकडं ऱ्हाऊन ये. गुरवारी मग कापायचंच हाय."

सासूच्या आवाजात कधी नव्हे ती माया होती. बायजाला तिच्याकडे बघवलं नाही. कपड्यांची पिशवी उचलून ती निघाली.

अपेक्षाने आईचा रिपोर्ट वाचला आणि तिथल्या तिथे फोन लावला. तिचं बाळंतपण रोह्यात डॉक्टर माहिरांकडे झालं होतं. "कापायच्या आधी एकदा त्यांना दाखवू. गुरुवार काय पळून जात नाय."

डॉक्टर माहिरा पन्नाशीच्या, डोक्यावर साधी ओढणी, बोलणं सावकाश. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "पाळी नियमित आहे?"

बायजा बोलायच्या आत अपेक्षाच म्हणाली, "व्हय डॉक्टर, घड्याळासारखी. दर महिन्याला चार दिवस माझ्याकडेच असते."

"आत्ता पाळी चालू आहे म्हणजे?"

"आजच आली," अपेक्षा म्हणाली. "सकाळी आली तीच पाळीची म्हणून."

डॉक्टरांनी एकवार आईकडे, एकवार मुलीकडे बघितलं. "अपेक्षा, तू बाहेर बस जरा. मावशी, आत या. चालेल ना बघितलं तर?"

आतल्या खोलीत पडद्यामागे बायजा टेबलावर झोपली. छताचा पंखा बंद होता, त्याच्या तिन्ही पात्यांवर धूळ होती. ती पाती सोडून मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शिबिरात चटकन उरकलं होतं. ह्या बाई हळूहळू, सांगून सांगून बघत होत्या. शेवटी त्यांनी दिवा बाजूला केला, हातमोजे काढले आणि तिला उठायला हात दिला.

"मावशी, इथं आपण दोघीच आहोत. तुमची पाळी चालू नाही. आज नाही, आणि गेली कित्येक वर्षं नसणार. जागा सगळी सुकलीय. मला खरं सांगा, म्हणजे मला खरं सांगता येईल."

बायजाने साडी नीट केली. निऱ्या पुन्हा पुन्हा नीट केल्या. मग म्हणाली, "आठ वर्षं झाली."

एवढं म्हटलं आणि पुढचं आपोआप बाहेर पडलं. पाट, ब्रश, सासूचा नियम, सोमवारची गाडी, शिबिरातली मुलगी, खांद्याशी उभी विमलबाई. डॉक्टर माहिरा हसतील किंवा रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"पाळी गेली की आतली कातडी पातळ होते, पेशी लहानलहान राहतात," त्या म्हणाल्या. "तपासायला काचेवर पसरल्या की त्या बिघडलेल्या पेशींसारख्याच दिसतात. काच बघणाऱ्याला माहीत हवं, की बाईची पाळी गेलेली आहे. मग तो दहादा विचार करून लिहितो. त्याच्यापुढे काय आलं? एक्कावन्न वर्षं, पाळी गेल्या सोमवारी. त्याने घाबरून लिहिलं."

बायजाला हे लगेच कळलं. शाडूची मूर्ती सुकताना अंगावर केसासारख्या बारीक रेघा पडतात. जाणकार त्यावर ओलं बोट फिरवतो. नवखा मूर्ती तडकली म्हणून बाजूला टाकतो. "म्हंजे कायच नाय ना मला?" तिने विचारलं. आवाजात इतकी आशा होती की तिलाच तो परका वाटला.

"तसं मी अजून म्हटलं नाही. एक विचारते. ह्या आठ वर्षांत रक्त कधी दिसलं का? डाग, थेंब, काहीही?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटत होतं. डॉक्टर उठल्या असत्या, अपेक्षाला हाक मारली असती, गुरुवार रद्द झाला असता. दोन डाग, तेही पौषात, पुन्हा नाही. एका 'नाही'ने ती मोकळी होत होती आणि 'नाही' म्हणायची तिला आठ वर्षांची सवय होती. पण ती दुपार, चाळीस मूर्ती आणि तो आनंद तिला आतून डसत होता. आता ते ओझं तिच्याच्याने उचलवत नव्हतं.

"दिसलं," ती म्हणाली. "पौषात. दोन डाग. मला आनंद झाला व्हता, डॉक्टर."

डॉक्टर माहिरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी ते लिहून घेतलं. "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी ती पाळी नसते, त्याचं कारण शोधायलाच लागतं. बहुतेक वेळा सुकल्यामुळेच असतं. पण कधीकधी नसतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उद्या सोनोग्राफी करून पिशवीचं अस्तर जाड आहे की पातळ ते बघायचं. तीन आठवडे रोज एक मलम आतून लावायचं, म्हणजे ती जागा ओलसर होईल. मग पुन्हा काच, आणि त्याबरोबर ज्याने हा कॅन्सर होतो त्या विषाणूची तपासणी. तोवर कुणी कात्री लावायची नाही. "पिशवी काढायची वेळ आलीच तर काढू. पण कशासाठी काढतोय ते कळून काढू. आज तुम्हाला काही नाही असं मी म्हणत नाही, आणि आहे असंही म्हणत नाही."

बाहेर बाकावर अपेक्षाला तिने सगळं सांगितलं. अपेक्षाला राग आला होता आणि रडूही आलं होतं.

"माझ्याकडे यायला तुला पाळी लागते का, आई?"

"लागते," बायजा म्हणाली. "उगाच कोण पाठवतंय?"

सोनोग्राफीत अस्तर पातळ निघालं. ती एक काळजी थोडी ढिली झाली. पण गुरुवार रद्द का करायचा, हे घरी सांगायला लागणार होतं, आणि त्याला मलम नव्हतं.

बुधवारी ती परत आली. पडवीत दिनानाथ, विमलबाई आणि धोंडुबाई तिघंही होती. बायजाने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं.

"आठ वर्षं?" दिनानाथने विचारलं. मग पुन्हा, "आठ वर्षं?" तो चिडला नाही. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, घरात भलतंच कुणी शिरल्यासारखा, आणि उठून शेडमध्ये गेला. चिडला असता तर बरं, असं बायजाला वाटलं.

विमलबाई मात्र मागे राहिली नाही. "देवाच्या मूर्तीफुडं खोटं? आन् रक्त दिसलं त्या दिशी आखणी केलीस? ताई, म्हनूनच हे आलं तुझ्यावर." बायजाच्या मनातलंच ती बोलली होती, म्हणून ते दुप्पट लागलं.

"विमल, भात बघ," धोंडुबाई म्हणाली. "लागंल."

विमलबाई आत गेली. धोंडुबाई सुपातले तांदूळ निवडत होती. नजर अधू झालेली, खडा बोटांनीच शोधायची. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मूर्तीत प्राण कवा येतो गो?"

"चतुर्थीला. भटजी पूजा सांगतात तवा."

"तोवर काय असतं?"

"माती."

"मग मातीला कसला विटाळ?"

"मग तुमी आम्हांला बाजूला का बसवलंत, आय?"

"बसवलं नाय. बसू दिलं. माज्या सासूनं मला बसू दिलं, मी तुला." धोंडुबाईने एक खडा काढून अंगणात फेकला. "बाय दमली म्हणून कोण उठू देत नाय. विटाळ म्हटलं की बापय माणूस आपसूक चार पावलं मागं सरतो. मी साठीपत्तुर बसले. तुजी गेली ते मला तवाच कळलं, दोरीवर फडकी वाळत नव्हती तुजी. मी काय बोलले?"

"नाय."

"आता तू सगळ्यांफुडं बोललीस." तिच्या आवाजात राग नव्हता, पण दुखलं होतं. "जीव वाचवायला बोललीस, बरं केलंस. पण गेले ते दिस आता."

आणि खरंच गेले. पुढचे आठवडे बायजा रोज पाटावर बसली. तिचा सोमवार आला. कुणी 'दिस आले का' विचारलं नाही, कुणी 'जा' म्हटलं नाही. दिनानाथ कामापुरतं बोलायचा, ब्रश दे, वाटी दे. रात्री ती मलम लावायची आणि कॅलेंडरवर रेघ मारायची. सकाळी न्हाणीत गेली की आधी कपडा बघायची. डाग नसला की सुटल्यासारखं वाटायचं, आणि तासाभराने पुन्हा तीच भीती. काचेत काय निघेल? सुकलेली रेघ की खरा तडा? तिने त्या महिन्यात आखलेले डोळे दिनानाथ उजेडात धरून बघायचा आणि काही न बोलता फळीवर ठेवायचा. ते डोळे कुणालातरी घाबरलेले दिसायचे. तिला ते कळत होतं.

तीन आठवडे भरले, मलम बंद केलं, आणि रोह्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी खेप करून ती पुन्हा काच देऊन आली. मग वाट बघणं. ते सगळ्यात वाईट.

नवव्या दिवशी दुपारी अपेक्षाचा फोन आला. सगळे शेडमध्येच होते. बायजाचे हात रंगाने भरलेले, म्हणून दिनानाथने फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला.

"आई, रिपोर्ट चांगला आहे. पेशी वयाला शोभतील अशाच आहेत. विषाणू नाय. डॉक्टर म्हणाल्या, ते डाग सुकल्यामुळेच आले असणार. पण पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाय."

फोन बंद झाला. दिनानाथ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. बायजा रडली नाही. ती पाटावर तशीच बसून राहिली.

मग धोंडुबाई दारातून मोठ्याने बोलली, पार शेडच्या टोकाला ऐकू जाईल अशी. "पण डाक्टरीणबायनी हिला दर म्हयन्याला चार दिस रोह्याला ऱ्हायाला सांगितलंय ना? देखरेखीला? अपेक्षा मला म्हनली तसं." आणि बोलताना तिने बायजाकडे बघितलं, सरळ, एक भुवई वर करून.

बायजाला कळलं. म्हातारीने तिचे दिवस परत आणून दिले होते, नव्या कापडात गुंडाळून. तिने फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. विमलबाईचा हात किनारीवर थांबला होता. दिनानाथने मान वळवली.

"काय, सांगितलंय?" त्याने विचारलं.

सांगितलंय म्हटलं की दर महिन्याला आजारी व्हायला लागणार. दर महिन्याला नवं दुखणं, नवी तारीख, आणि कधीतरी खरंच काही झालं की ते त्याच खोट्याखाली दडून बसणार, पौषातल्या त्या दोन डागांसारखं. बायजाने सासूकडे बघितलं. इतकी माया तिला ह्या घरात कुणी दाखवली नव्हती, आणि तीच तिला नाकारायला लागत होती, याचं तिला वाईट वाटलं.

"नाय, आय," ती म्हणाली. "डॉक्टरनी तसं नाय सांगितलं. मी बरी हाय." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज लहान होता, पण थरथरत नव्हता. "मी दमते. मान धरते, डोळे भरून येतात. मला दर म्हयन्याला चार दिवस पायजेत. पाळी नाय, दुखणं नाय. माझे म्हणून पायजेत."

असं काही ह्या घरात कुणी कधी मागितलंच नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. दिनानाथने फळीकडे बघितलं. ओळीने मूर्ती उभ्या होत्या, सोंडेपर्यंत रंगलेल्या, डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

"आन् ह्यांची आखणी?" त्याने विचारलं.

बायजाने ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"पाचव्या दिवशी करीन," ती म्हणाली.